पन्नास मिलिमीटर

३ फेब्रुवारी
बाबांच्या पिकअपला मोठी चाकं आणि मोठे टायर बसवायचं ठरवलं. गाडी एकोणीस वर्षांची, चाकं हातगाडीला शोभतील अशी. मी मेकॅनिकल इंजिनिअर. या घरात मोजून निर्णय घेणारी एकटीच. बाबा लोखंडी कपाटं बनवतात आणि बाकी सगळं अंदाजाने करतात.

४ फेब्रुवारी
जुन्या टायरचा व्यास ६५० मिमी, नव्याचा ७५०. त्रिज्या ५० ने वाढली, म्हणजे गाडी बरोबर ५० मिमी उंच होणार. खड्ड्यांचा प्रश्न मिटला. बाबांनी माझा तक्ता उलटा धरून पाहिला. म्हणाले, आहेत ती चाकं फिरतायत की. आईने विचारलं, पन्नास म्हणजे किती गं? तीन बोटं, असं सांगून टाकलं. यापुढे सांगणार नाही. लोकांना बोटांचीच सवय लागते.

८ फेब्रुवारी
टायरवाल्याकडे गेले. मी रिंगच्या ऑफसेटबद्दल विचारतेय आणि हा विचारतो, ताई, माल कुठून चढवता? दुर्लक्ष केलं. परत तेच. काहींना गिऱ्हाईक म्हणजे गप्पांची सोय वाटते. गप्प बसवून ऑर्डर दिली.

१२ फेब्रुवारी
बसले. रुंद, काळेभोर, देखणे. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डला घासतो. पण पूर्ण वळवायची वेळ येते कोणावर?
संध्याकाळी : कोपऱ्यावर आली. तो कोपराच चुकीचा बांधलाय.

१३ फेब्रुवारी
मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर कमी वेग दाखवणार. काटा ६० वर तेव्हा खरा वेग ६९. दुरुस्तीचा तक्ता लॅमिनेट करून डॅशबोर्डवर चिकटवला. बाबा म्हणाले, छान आहे, पण काटा बंद पडून सात वर्षं झाली. आधी सांगायला काय झालं होतं?

१५ फेब्रुवारी
जुनी चाकं भंगारात द्यायला सांगितलं. बाबा लगेच हो म्हणाले. माणूस सुधारतोय.

१८ फेब्रुवारी
नव्या चाकांवरची पहिली डिलिव्हरी. झाली नाही.
पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना वजन उचलायला कायमची मनाई केलीय. तेव्हा बाबांनी शेडच्या दाराशी विटांचा ओटा बांधला. गाडी मागे घेऊन मागचा फाळका पाडला की ओटा आणि गाडीचा हौदा एका पातळीत येतात. मग आई-बाबा कपाट पाइपांवरून ढकलतात. कोणी काही उचलत नाही. मी हा ओटा रोज बघते. कपडेही त्यावरच वाळत घालते.
आज पाइप फिरले, कपाट सरकलं आणि हौद्याला धडकून थांबलं. आईने ओटा आणि हौद्यामध्ये झालेल्या पायरीला बोटं लावली. तीन.
मी म्हटलं, जरासंच तर उचलायचंय. बाबा वाकले, कपाटाला हात घातला आणि तसेच राहिले. दुसरा हात कमरेवर. आई ओरडली, सोडा ते! मग माझ्याकडे वळून म्हणाली, तू उचल की, तुझंच आहे ते पन्नास. मी प्रयत्न केला. कपाट भलतंच जड बनवलंय.

१९ फेब्रुवारी
बाबा झोपून. उपाय शोधले. टायरमधली हवा कमी केली, १२ मिमी मिळाले. ओटा उंच करावा, तर शेडची फरशी खाली राहते. फरशी उंच करावी, तर दार उघडत नाही. शेड पाडून नवी बांधणं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात योग्य. आईला सांगितलं. आईने जेवायला वाढलं.

२२ फेब्रुवारी
सकाळी अंगणात टायरवाला. बाबांनी जुनी चाकं भंगारात दिलीच नव्हती, पत्र्यांमागे उभी करून ठेवली होती. त्याने मागच्या बाजूला त्यातली दोन बसवली. कपाट सुळकन हौद्यात गेलं. बाबांना काही उचलावं लागलं नाही, फक्त पाइप सरळ करत राहिले. मी म्हटलं, मग पुढचीही बदला. बाबा म्हणाले, राहू देत, हौसेने आणलीयस.
आता गाडी नाक वर करून उभी असते. आई बराच वेळ तिच्याकडे बघत होती. म्हणाली, हे तोंड कुठेतरी पाहिलंय. टायरवाला पाठ फिरवून हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.
टेप घेऊन मोजलं. पुढची बाजू बरोबर ५० मिमी वर. माझा हिशोब बिनचूक होता.