निळं दिसलं होतं

दि. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

वजन ऐंशीच्या पुढे गेलं तरी तू बारक्याच, तेव्हा पाकिटावरचं नाव बघून तोंड वाकडं करू नकोस. माझे गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र अजून गंज चढलेला नाही. तुझ्या कारभारणीने विणलेला स्वेटर पोचला. बाह्या वीतभर लांब आहेत, पण मी दुमडून घालते. तिला बाह्यांचं सांगू नकोस.

आता कामाचं. आमच्या काचेच्या तारांच्या टेस्टिंग रूममध्ये पुढच्या महिन्यात बारा नवी मुलंमुली येणार आहेत. त्यांना शिकवायला माणूस हवाय. मी साहेबांना तुझं नाव सांगून मोकळी झाले. तुला न विचारता, हो! मोठ्या बहिणीने विचारायचं असतं असं कुठे लिहिलंय?

तुझ्यासारखं समजावणं मला कधी जमलं नाही. नव्या माणसाला तू सांगायचास, "एलईडी म्हणजे आमची आक्का. तोंड उघडलं की उजेड चारी दिशांना. त्यातला थोडाच काचेच्या तारेत शिरतो, बाकीचा वाया. आणि लेसर डायोड म्हणजे आमची आई. एका हद्दीपर्यंत नुसती पुटपुटते. हद्द ओलांडली की एकच वाक्य, आणि ते थेट आत." सगळे हसायचे, मी चिडायचे, पण विसरायचं कुणीच नाही. मग तू शांतपणे खरं काय ते सांगायचास. विजेचा प्रवाह कमी असला की लेसर डायोडही एलईडीसारखाच मिणमिणतो. प्रवाह एका ठरावीक हद्दीपुढे गेला की आतल्या दोन आरशांमध्ये उजेड येरझाऱ्या घालतो, फोफावतो, आणि एका रंगाचा, एका तालाचा होऊन तारेच्या केसापेक्षा बारीक गाभ्यात घुसतो. दोघांचं काम एकच, लुकलुकून निरोप पोचवायचा, सेकंदाला कोट्यवधी वेळा. पण एलईडीची धाव एका इमारतीपुरती, आणि लेसरची एका गावाहून दुसऱ्या गावाला.

बघ, मीच शिकवायला लागले. एप्रिलपासून मला रूमची प्रमुख करणार आहेत. तेव्हा तू माझ्या हाताखाली असशील, याची तयारी ठेव.

ते नऊ वर्षांपूर्वीचं मनात आणू नकोस. चूक कुणाच्याही हातून होते.

तुझी
आक्का

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

प्रमुख होणार हे वाचून आनंद झाला. हिने शेजारपाजारी सांगूनही टाकलं. बाह्यांचं तिला कळलंय, कारण पत्र तीच आधी उघडते.

मी येणार नाही. कुलुपांच्या दुकानात बरा आहे. कुलूप बोटांना कळतं, त्याला डोळे लागत नाहीत.

चूक कुणाच्याही हातून होते म्हणतेस, पण माझी चूक तशी नव्हती. आपल्याकडे लेसरच्या तारेला लाल टोपण आणि एलईडीच्या तारेला निळं. दोन्हींचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तर सगळा भरवसा टोपणांवर. त्या दुपारी मला निळं दिसलं. निळं बघूनच मी टोपण काढलं आणि टोकावर धूळ आहे का बघायला तार मायक्रोस्कोपला लावली. एलईडी असती तर काही झालं नसतं. होता लेसर, तो थेट उजव्या डोळ्यात गेला. सगळे धावत आले तेव्हा टेबलावर लाल टोपण होतं.

उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग आहे, त्याची सवय झाली. पण त्या दिवसापासून डाव्यावरही विश्वास नाही. डॉक्टर म्हणतात, रंग तुम्हाला नीट ओळखता येतात. येत असतील. घरात दिव्याची वायर जोडताना मी अजून हिला विचारतो, ही लाल ना? ती हो म्हणते. नऊ वर्षं हो म्हणतेय, एकदाही कंटाळली नाही. ज्याला लाल-निळं कळत नाही, तो बारा जणांचे डोळे काय सांभाळणार?

राग मानू नकोस.

तुझा
बारक्या

*

दि. १५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आज आशीर्वाद लिहीत नाही. शेवटपर्यंत वाच, मग हवा असेल तर घे. हे पत्र तुझ्या कारभारणीने आधी उघडलं असेल तर तिनेही बसून वाचावं.

तुला निळं दिसलं, कारण ते निळंच होतं.

त्या दुपारी लेसरच्या तारेचं लाल टोपण माझ्या हातून पडलं आणि कडेला तडकलं. खणात दुसरं लाल नव्हतं, निळं होतं. मी म्हटलं, चहा घेऊन येते आणि स्टोअरमधून लाल आणते, तोवर हे चालेल. लेसरचं तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून तो चालूच ठेवला. कप हातात घेतला न घेतला तोच तुझी हाक ऐकू आली. मी सगळ्यांच्या आधी पोचले. तू डोळा दाबून बसला होतास. निळं टोपण टेबलावर होतं. ते मी खिशात टाकलं आणि तडकलेलं लाल तिथे ठेवलं. एवढंच. दोन सेकंदही लागले नसतील.

चौकशीत तू एकटाच "निळं दिसलं" म्हणत राहिलास आणि मी मान खाली घालून "लाल होतं" म्हटलं. नंतर तू स्वतःच म्हणायला लागलास की माझंच चुकलं असेल, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला जास्त लाज वाटते. टोपण बदललं ती भीती होती. गप्प राहिले ती नऊ वर्षं मात्र माझी स्वतःची निवड होती.

डोळा मी परत देऊ शकत नाही. पण ते "ही लाल ना?" वाचलं आणि माझ्याच्याने बसवेना. दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये गेले, सगळं सांगितलं, लिहून सही करून दिलं. त्यांनी पाणी मागवलं. मला वाटलं माझ्यासाठी, पण ते स्वतःच प्यायले. प्रमुखपद गेलं, आता माझी चौकशी होईल. होऊ दे. काय व्हायचं ते होईल, मी खोटं बोलणार नाही. रडत बसले असेन असं समजू नकोस. बऱ्याच वर्षांनी नीट झोपले.

तुझी जागा मात्र पक्की आहे. साहेब म्हणाले, चौकशीत एकटा पडूनही खरं सांगणारा माणूस मला हवाच आहे.

सोबत दोन कागदी पुड्या आहेत, एकीवर एक लिहिलंय, दुसरीवर दोन. चौकशी संपल्यावर लालही मी उचलून आणलं, आणि ती दोन्ही टोपणं शिवणाच्या डब्यात ठेवली होती. कुठल्या पुडीत कुठलं ते लिहीत नाही. खिडकीपाशी जा, उघड, आणि कुणाला विचारू नकोस.

माफी मागते. दे म्हणत नाही.

आक्का

*

दि. २२ फेब्रुवारी

आक्का,

एकमध्ये लाल. दोनमध्ये निळं. लालच्या कडेला तडा आहे, नखाला लागतो.

हिला विचारलं नाही. ही समोरच बसली होती, तोंडावर हात धरून. मी रंग सांगितल्यावर ती रडली. मग मी घरातल्या सगळ्या वायरी बघत सुटलो, लाल, काळी, हिरवी, परत लाल. ही मागून म्हणाली, "आता पुरे करा, बरोबर आहेत सगळे रंग." खूप रागावलोय तुझ्यावर. किती दिवस राहील सांगता येत नाही, त्यामुळे खोटा नमस्कार लिहीत नाही.

एक तारखेला येतो. पहिला धडा मी घेणार. टोपणावर विसंबायचं नाही, स्वतः लावलेलं असलं तरी नाही. आधी तारेला मीटर लावायचा, उजेड शून्य दाखवला तरच डोळा जवळ न्यायचा. तू पहिल्या रांगेत बसायचंस. मी थांबलो की उठायचं आणि त्या बारा जणांना काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नेहमीसारखं चारी दिशांना नको. आईसारखं, एकाच वाक्यात.

निळं पाहिलेला,
बारक्या