लख्ख ताट

प्रिय एस्तू,

सलाम. तुझी तक्रार दवाखान्यात पोहोचली. सोमवारी निकिता सिस्टरची चौकशी आहे आणि मला साक्षीला बोलावलंय. फोनवर तू म्हणालीस, आई, तिची नोकरी घालवल्याशिवाय सोडायचं नाही. मी नुसतं हं म्हटलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझा राग खोटा नाही गं. नगरला तुझ्या पप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि एकवीस दिवसांत माणूस निम्मा झाला. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. जखम काही केल्या भरेना. डॉक्टर कागद बघून म्हणायचे, आजोबांचं जेवण तर उत्तम आहे, मग ताकद का येत नाही? त्या कागदावर दोन्ही वेळच्या जेवणापुढे निकिताची खूण असायची: पूर्ण जेवण. पप्पा गेल्यावर तू तो कागद पाहिलास आणि पेटलीस. उपाशी माणसापुढे खोटी खूण केली म्हणालीस.

पण पोरगी कामाला वाईट नव्हती. चाळीस पेशंटांमागं एकटी पळायची. ताटं गोळा करताना थांबून विचारायची, आजोबा जेवले ना? आणि ताट तर लख्ख असायचं. आपल्या घरची शिस्त तुला ठाऊक आहे. ताटात शीत उरलं तर पप्पा आपल्याला उठू द्यायचे नाहीत. तिथं मात्र दोन घासांत त्यांचं तोंड फिरायचं. ताट माझ्याकडं सारायचे आणि म्हणायचे, दीना, तू खा, टाकू नगं, सिस्टर रागवंल. सोबतच्या माणसाला तिथं जेवण नाही. राहुरीहून रोज डबा कोण आणणार? पहिल्या दिवशी मी पदराआड तोंड करून खाल्लं. मग सवय झाली. एस्तू, मला भूक लागायची गं, लई भूक लागायची. शेवटी शेवटी ते दोन घासही घेईनात, तरी मी जेवणाच्या गाडीची वाट बघायची. निकितानं विचारलं की जेवले म्हणून मान हलवायची.

तक्रार मागं घे, बाळा. तिनं रिकामं ताट पाहिलं, तेच लिहिलं. सोमवारी मी सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. भांडायचंच असेल तर एवढ्यासाठी भांड: सोबतच्या माणसाला एक ताट द्या, आणि पेशंट किती जेवला हे त्याच्याजवळ बसून बघा. पप्पांना माती दिल्यावर चौथ्या दिवशी मी बीपी दाखवायला गेले होते, हे तुला सांगितलं नाही. तिथं मला काट्यावर उभं केलं. माझं वजन दोन किलो वाढलं होतं.

तुझीच,
आई