साडेनऊ गुण

डुलुथ, ४ मे

प्रिय मारिट,

हे पत्र आहे, फोन नाही, तेव्हा उभ्याउभ्या वाचलंस तरी चालेल. जवळ कुणी असण्याचीही गरज नाही. यात नवी वाईट बातमी एकही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरली असशील तर ती भीती जाईल. बाबांच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात, हातात हॅम सँडविचची बशी धरून तू म्हणाली होतीस, "तुझं नाव फोनवर दिसलं की मला मळमळतं, ब्रिट. फोन करू नकोस." मी केला नाही. आज अठ्ठ्याहत्तर दिवस झाले.

आधी माझ्याकडची खबर. शुक्रवारी माझे प्रत्यक्ष कामाचे शेवटचे तास संपले. सहाशे तास, आणि त्यातल्या प्रत्येक तासापुढे कुणातरी अनुभवी माणसाची सही. परवान्याची परीक्षा जूनमध्ये आहे. ती झाली की जुलैपासून मी त्याच अतिदक्षता विभागात नर्स प्रॅक्टिशनर म्हणून रुजू होईन. आठ वर्षं ज्या खाटांपाशी उभं राहून मी दुसऱ्यांनी लिहिलेली औषधं दिली, तिथे आता मी तपासून, निदान करून औषधं लिहून देईन. पदवीला प्रवेश घेतला तेव्हा तू विचारलं होतंस, "म्हणजे डॉक्टर नाहीस, साधी नर्सही नाहीस, मग आहेस तरी कोण?" मी नीट समजावून सांगायला सुरुवात केली, तर बाबांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "सोपं आहे. माझी मुलगी आता गोळ्या वाटत नाही, गोळ्या ठरवते." हे वाक्य त्यांनी आपल्या गावी, टू हार्बर्समध्ये, किती जणांना ऐकवलं होतं, ते मला त्यांच्या अंत्यविधीला कळलं. सात जणांनी मला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. हार्डवेअरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने तर आवाजही त्यांचाच काढला.

लोकांना वाटतं, या शिक्षणात मानेच्या शिरेत नळी घालणं सगळ्यांत अवघड असेल. तसं नसतं. रबरी पुतळ्यावर चाळीस वेळा केलं की ते हाताला कळतं. मला अवघड गेलं ते हात आवरणं. औषधाचा पंप वाजला की माझा हात सवयीने बटणाकडे जायचा आणि आमच्या शिक्षिका क्विग्लीबाई मनगटावर पेन मारायच्या. "ते तिचं काम आहे, तिला करू दे. तू सांग, रक्तदाब का पडतोय? तीन कारणं. जे सर्वांत आधी मारेल ते पहिलं." पहिल्या सहामाहीत मला रोज वाटायचं की माझे हात कुणीतरी काढून घेतलेत आणि बदल्यात नुसतं तोंड दिलंय. तुला मी हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "तोंड तर तुझ्याकडे कधीच नव्हतं." खरंच होतं ते. म्हणून तर नातेवाइकांना मृत्यू कसा सांगायचा हा भाग आला, तेव्हा मी तुझ्याकडे धावले.

त्याचे नियम मी तुला फ्रीजवर लावायला दिले होते. आधी आपलं नाव सांगायचं. समोरचा माणूस बसलाय का, जवळ कुणी आहे का, ते विचारायचं. वाईट बातमी आहे असं आधी एका वाक्यात सांगायचं. मग बातमी. 'गेले', 'आपल्यात राहिले नाहीत' असं काही म्हणायचं नाही, कारण घाबरलेला माणूस त्यातूनही आशा काढतो. 'मरण पावले' म्हणायचं. आणि त्यानंतर गप्प बसायचं. क्विग्लीबाई म्हणायच्या, "शांतता तुम्हाला सहन होत नाही म्हणून तुम्ही बोलता. मनातल्या मनात आकडे मोजा, पण गप्प बसा." पूर्वसूचना न देता सराव करा, असंही त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून आपलं ठरलं की मी कधीही फोन करायचा, 'कशी आहेस' वगैरे न म्हणता थेट सुरू करायचं आणि तू लगेच नातेवाईक व्हायचंस. शेवटी तू दहापैकी गुण द्यायचेस.

मारिट, ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत हसरं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तिकडे तुझ्या फार्गोत, दुकानात भाजी घेता घेता तू तीनदा विधवा झालीस. एकदा तू रागावलेला मुलगा झालीस आणि मला इतक्या शिव्या दिल्यास, की शेजारच्या गाडीतल्या बाईने काच खाली करून तुला मदत हवी आहे का असं विचारलं. पण माझी आवडती होती ती मिसेस हाउगन. ती म्हातारी नवरा मेल्याचं ऐकून घ्यायची, एक हुंदका द्यायची आणि विचारायची, "ते असो, पण त्यांची कवळी कुठं ठेवलीत? नवी आहे हो!" ती तू कुठून उचललीस ते आपल्या दोघींना माहीत होतं. गोदीवर तुटून उसळलेल्या दोराने बाबांचे वरचे सगळे दात नेले, तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तेव्हापासून आपल्या घरात कवळी शोधणं हा रोजचा उद्योग होता. होडीत सापडली, माशांच्या बादलीत सापडली, एकदा फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीमागे सापडली. नोव्हेंबरात नवी बसवली तेव्हा बाबांनी तुला फोन करून मुद्दाम अक्रोड फोडून ऐकवला होता.

आता तो मंगळवार. तो मी तुला कधीच पूर्ण सांगितलेला नाही. तू विचारलंस तेव्हा मी वेळा सांगितल्या, आणि वेळा सगळ्या बरोबर आहेत. अकराच्या सुमाराला बाबा हार्डवेअरच्या दुकानात कोसळले. अकरा बावन्नला इथल्या रुग्णालयात प्रयत्न थांबवले. मी वर्गातून निघून बारा वाजून चार मिनिटांनी पोचले. तिथला डॉक्टर तरुण होता. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "आपले वडील आता आपल्यात नाहीत." माझ्या डोक्यात कुणीतरी त्याचे गुण कापत होतं: बसवलं नाही, शब्द चुकला, शांतता चार सेकंद. मी त्याला म्हणाले, "माझ्या बहिणीला मी सांगते. मी हे शिकलेय." मी बाबांजवळ सोळा मिनिटं बसले. श्वासनळीत नळी घालताना कवळी काढून ठेवावी लागते. ती तिथल्या नर्सने एका झाकणाच्या डबीत ठेवली होती. डबीवर बाबांचं नाव आणि जन्मतारीख लिहून तिने ती माझ्या हातात दिली. ती हातात घेऊनच मी बाहेर आले आणि तुला फोन लावला.

त्या क्षणी माझ्याकडे तेवढं एकच वाक्य होतं. दुसरं कुठून आणायचं ते मला माहीत नव्हतं. "मी ब्रिटा लिंडाल, रुग्णालयातून बोलते आहे. तुम्ही आत्ता बसलेल्या आहात का? जवळ कुणी आहे का?" तुझ्या मागे, संगीताच्या वर्गात, कुणीतरी ट्रॉम्बोन फुंकत एकच सूर पुन्हा पुन्हा चुकवत होतं. आणि तू म्हणालीस, "बसलेय हो बाई, मांडीवर मांजर आहे, तेवढी सोबत पुरे." मिसेस हाउगन. मी तिथेच थांबायला हवं होतं. मी पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं. "तुमचे वडील मरण पावले." तू हुंदका दिलास आणि विचारलंस, "अगं बाई! आणि त्यांची कवळी कुठं ठेवलीत?" मी म्हणाले, "माझ्याकडे आहे." तू तुझ्या आवाजात खळखळून हसलीस. "वा, हे झकास सुचलं तुला! साडेनऊ. आवाज कापरा झाला म्हणून अर्धा कापला. रुग्णालयातली माणसं इतकी रडवेली नसतात ग."

मग मी गप्प राहिले. एकोणीस सेकंद. शेवटी मी "मारिट" एवढंच म्हटलं. सरावात मी तुझं नाव कधी घेत नसे, आणि तुला कळलं. तळघरात तू म्हणालीस, "बाबांच्या मरणाला मी गुण दिले, ब्रिट. तू मला ते देऊ दिलेस." मी तुला म्हणाले की मला धक्का बसला होता, बोलता येत नव्हतं. ते खोटं होतं. मला बोलता येत होतं. पण तू हसत होतीस, आणि तू हसत होतीस तोवर तो सराव होता. सराव होता तोवर बाबा दुकानात फावड्यांच्या रांगेसमोर उभे राहून कुणालातरी गोळ्यांचं ते वाक्य ऐकवत होते. मला आणखी थोडा वेळ तिथे राहायचं होतं. तुझं हसणं मी त्यासाठी वापरलं.

मार्चमध्ये माझी त्याच विषयाची परीक्षा झाली. समोर एक नटी मृत रुग्णाची मुलगी बनून बसली होती. मला वीसपैकी वीस मिळाले. मी क्विग्लीबाईंच्या खोलीत गेले, दार लावलं आणि तू दिलेले साडेनऊ त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "घरच्यांना तसं सांगायचं नसतं, पोरी. मी ते शिकवायला विसरले. दोन वर्षांत तेवढा एक तास ठेवायला हवा होता." मग त्यांनी विचारलं की बहिणीशी नंतर बोललीस का. मी म्हणाले, तिने फोन करू नकोस म्हटलंय. त्या म्हणाल्या, "फोन करू नकोस म्हणाली ना? पोस्टाची तिकिटं अजून मिळतात." तरीही मला पाच आठवडे लागले, आणि त्याचं कारण तुला वाटतं ते नाही.

कारण हे आहे. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, सगळी व्यवस्था पाहणाऱ्या ऑल्स्टॅडने मला विचारलं, "वरची कवळी आहे का हो तुमच्याकडे? ती बसवली की चेहरा भरतो, आपल्या माणसासारखा दिसतो." ऑल्स्टॅडने आपल्या आईचंही सगळं केलं होतं, त्याला खोटं सांगायचं काहीच कारण नव्हतं. डबी माझ्या कोटाच्या खिशात होती. मी म्हणाले, "मिळाली नाही." दुसऱ्या दिवशी तू पेटीजवळ उभी राहिलीस आणि हळूच म्हणालीस, "हे बाबा वाटत नाहीत. तोंड असं का झालंय त्यांचं?" मी तुला स्नायू शिथिल होण्याबद्दल सांगितलं. मी सांगितलेलं शास्त्राप्रमाणे बरोबर होतं आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस, पुढे झालीस आणि त्यांची कॉलर सरळ केलीस. बाबांना तू शेवटचं पाहिलंस ते तसं, बसक्या तोंडाचं, परक्या माणसासारखं, आणि ते माझ्यामुळे. मी कवळी का दिली नाही, याची तीन कारणं मला लिहिता येतील, पण तिन्ही खोटी असतील. तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर माझ्या खिशात होतं. ते मला हातातून सोडवेना, एवढंच मला माहीत आहे.

हिवाळ्यात गोठलेली जमीन आता मोकळी झाली आहे. शनिवारी, सतरा तारखेला सकाळी दहा वाजता खणता येईना म्हणून दफनभूमीतल्या ज्या दगडी खोलीत पेटी ठेवली होती, तिथून बाबांना काढून आईशेजारी पुरणार आहेत. ऑल्स्टॅडने तुलाही कळवलं असेल, आणि तू त्याला काही उत्तर दिलेलं नाहीस असं तो म्हणाला. काल मी त्याच्याकडे गेले आणि डबी त्याच्या टेबलावर ठेवली. तो रागावला नाही. म्हणाला, "थंडीने राखलंय त्यांना. एकदा पेटी उघडता येईल, मी बसवून देईन. पण दोन्ही मुलींची सही लागेल. तोवर ही डबी तुमच्याकडेच राहू द्या." कागद सोबत ठेवला आहे. माझी सही वर आहे, खालची रेघ रिकामी आहे. तू नुसती सही करून पाठवलीस तरी मी समजेन. आलीस तर पेटी बंद व्हायच्या आधी तुला बाबा बाबांसारखे दिसतील, आणि मी बाजूला उभी राहीन, काही समजावून सांगणार नाही. मारिट, आपले बाबा गेले ग. मी पोचायच्या आत गेले. त्यांचे हात अजून गरम होते आणि पायांत तू विणलेले निळे मोजे होते. तू विचारलं होतंस ना, कवळी कुठे ठेवली? माझ्याकडे आहे. तू येईपर्यंत माझ्याकडेच ठेवते.

तुझीच,
ब्रिट