काजळीच्या रक्तातली खूण

१२ जानेवारी

अंगाला अजून तबेल्याचा वास! दिघ्याला बाबासोंच्या तबेल्यावर नमुने घ्यायला गेले होते. महिन्याभरात तिथे दोन म्हशी गाभडल्या, वेळेआधीच वासरं पडली, म्हणून प्रियदर्शिनी मॅडमनी लॅबमधून मलाच पाठवलं. अकरा म्हशींचं रक्त, तिघींचं दूध. चौथी परवाच व्यालेली, तिचा चीक घेतला. बाटलीवर चिठ्ठी — दि-४, दिघ्याची चौथी.

निघताना बाबासोंनी त्याच म्हशीच्या चिकाची आणखी एक बाटली हातात कोंबली. "न्या की ताई, खरवस करा. आमच्यातनं रिकाम्या हातानं कुणी जात न्हाई." नाही कसं म्हणायचं? आणि खरवस वाफवतातच की. वाफेत कुठला जंतू टिकतोय!

घरी दर्शनावहिनी बाटली बघूनच खूश. पाचवा महिना, सारखं काहीतरी खावंसं वाटतं तिला. गूळ किती घालायचा यावरून आमची जुंपली. शेवटी तिचंच खरं झालं.

माझ्या बाबांचं तोंड वाकडं. "परक्या म्हशीचा चीक आनलास? आपली काजळी काय मेली?" काजळी म्हणजे गोठ्यात उरलेली एकुलती म्हैस. शेत गेलं, खाजण गेलं, कामोठ्यात चार मजली बिल्डिंग झाली, भाडेकरू आले. बाबांनी मागचा गोठा काही सोडला नाही.

रात्री खरवस त्यांनीही खाल्ला. दोन वड्या!

१९ जानेवारी

आज भांडलेच बाबांशी. धार काढली की पहिला पेला वहिनीला. कच्चं, फेसासकट. "तापवलेल्या दुधान काय दम हाय?" मी ब्रुसेलाचं सगळं पुराण लावलं — ताप, सांधे, गर्भपात. दिवसभर मी त्या जंतूंची जनुकं वाचते आणि घरात माझं कोणी ऐकत नाही!

"तुजी आय हाच पिली. दोन पोरां झाली ना?"

वहिनी माझ्याकडे बघत प्यायली. सासऱ्याला नाही म्हणवत नाही तिला.

११ फेब्रुवारी

वहिनीला ताप. कंबर धरून बसते.

१७ फेब्रुवारी

ताप उतरला होता, परत आला. संध्याकाळी चढतो, घाम फुटून जातो. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. मी रक्ताची तपासणी करा म्हणून मागे लागले. दादा म्हणाला, "तू प्रत्येकात जंतूच बघतेस." गप्प बसले. उगाच बसले.

२ मार्च

गेलं.

मुलगा होता. दादाने हातात घेतलं आणि नर्सला विचारलं, "याला काय नाव लिहायचं?"

८ मार्च

हॉस्पिटलने वहिनीचं रक्त आमच्याच लॅबला पाठवलं होतं. चिठ्ठी मीच डकवली. मा-३१. मा म्हणजे माणूस. कोणाचं रक्त, ते मॅडमना सांगितलं नाही. आज त्यातून ब्रुसेला उगवला. जंतू हाताळायच्या बंद पेटीत, काचेआड हात घालून मी ती जंतू वाढवायची बशी फिरवून फिरवून बघितली.

दादाने घरी विचारलं, "कशातून येतो हा?"

"कच्च्या दुधातून."

मी एवढंच म्हणाले. बाबा समोरच बसले होते. दादाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

९ मार्च

काजळीचं रक्त घेतलं. बाबांनीच तिची मान धरली. "हो हो, बाय, झाला, झाला" — तिला म्हणत होते. दूधही घेतलं. रक्ताची चाचणी लगेच होते. दुधातून जंतू उगवायला, मग त्याची जनुकं वाचायला वेळ लागतो.

रक्ताची चाचणी आली. काजळीच्या रक्तात ब्रुसेलाची खूण आहे.

बाबा म्हणाले, "हिला लहानपनी टोचलीय ना सरकारी डाक्टरनी. कानान बिल्ला हाय, बघ."

मी म्हटलं, "बाबा, आता पुरे करा."

आणि दादा म्हणाला — "तुमीच मारलात त्याला." माझ्यादेखत. मी मध्ये पडले नाही. मनात म्हटलं, खरंच तर आहे.

१२ मार्च

काजळीला नेलं. व्यापारी दूधवाल्याला देतो म्हणत होता, चांगली किंमत येईल. बाबांनी ऐकलं नाही. "दुसऱ्याचे घरान हिचा दूध जाया नको." टेम्पो कुठे जाणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक. फळीवर चढेना ती. बाबा पुढे होऊन चढले, मग त्यांच्या मागे गेली.

गोठा धुवायला गेले तर बाबा आधीच धूत होते.

२६ मार्च

वहिनीला गोळ्यांनी बरं वाटतंय. दादा बाबांशी बोलत नाही. जेवायचं ताटसुद्धा वर घेऊन जातो. बाबा सकाळी चारला उठून रिकाम्या गोठ्यात बसतात. खालच्या भाडेकरणीने विचारलं, "वास गेला बाई, काय केलंत?" थोबाडीत द्यावीशी वाटली!

२१ एप्रिल

आज मॅडमनी सगळे निकाल एकत्र मांडले.

काजळीच्या दुधातून काहीच उगवलं नाही. दोनदा पेरलं, दोनदा बशी कोरी. मॅडम म्हणाल्या, "रक्तातली खूण लशीची असणार. लहानपणी टोचली होती का, विचारलंस मालकाला?"

विचारायची गरजच नव्हती. मालकाने सांगितलं होतं.

मा-३१ ची जनुकं दुसऱ्याच एका नमुन्याशी जुळतात. तेहतीस लाख अक्षरं आणि फरक फक्त दोन अक्षरांचा. म्हणजे जंतू तोच, तिथलाच. कुठला नमुना? दि-४.

मॅडम म्हणाल्या, "या बाईचा दिघ्याशी काय संबंध, ते शोधायला हवं."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. वाफवल्यावर काही उरत नाही, हे बरोबरच आहे. पण वाफवायच्या आधी? गूळ घातला, ढवळला, आणि मी म्हटलं, "गोडी बघ गं, वहिनी." सगळ्याच घरांत बघतात. तिचे हात गुळाने माखलेले, म्हणून चमचा मीच तिच्या तोंडाला लावला. ती म्हणाली, कमी आहे. अजून गूळ घातला. पुन्हा लावला.

दोन चमचे. कच्चा चीक. ज्या तबेल्यात म्हशी गाभडत होत्या, तिथला! आणि ब्रुसेलाचं पुराण सांगत होते मी बाबांना.

२२ एप्रिल

बाबांना गोठ्यात गाठून सगळं सांगितलं. चमच्यासकट. त्यांनी काजळीच्या खुंट्यावर हात ठेवला. मग विचारलं, "म्हंजे तिचा काय दोस नव्हताच?"

"नव्हताच, बाबा."

बाबा रडले. पोरासाठी रडले होते तसेच.

मी उठले, दादाला सांगायला. त्यांनी मनगट धरलं. "कोनाला बोलू नको, बाय. माज्याव आळ हाय त र्‍हाऊ दे. मी किती दिसांचा? त्याला बहीन र्‍हाऊ दे."

२३ एप्रिल

दादाने आज सकाळी मला विचारलं, "निकाल आला का गं?"

मी म्हटलं, "काजळीच्याच दुधातून."