बाबांनी बसवलेल्या मोटरी

१४ मार्च, रविवार

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमी. तुमची स्कूटर अधूनमधून चालू करून ठेवते. साइटवर ऊन लागत असेल, डोक्याला फडकं बांधत जा. लॅबमध्ये मला सकाळची पाळी मिळाली आहे, त्यामुळे दुपारनंतर मोकळी असते. मोकळ्या वेळात मी काय उद्योग करते ते काकांनी तुम्हाला फोनवर तिखटमीठ लावून कळवलंच आहे. म्हणून तर हे पत्र.

माझा फोन तुम्ही मध्येच ठेवता. पत्र ठेवून दिलं तरी ते खिशात राहतं आणि केव्हातरी उघडावंसं वाटतं. तुमचा निरोप काकांनी पोचवला: नळाचं पाणी ओढणारी मोटर होती तिथे परत बसव, मगच माझ्याशी बोल. तर आधी त्याचंच उत्तर देते. मोटर परत बसणार नाही. ती मीच काढली, तुमच्याच पान्याने. मध्ये पाइपचा तुकडा जोडताना टेप उलट्या बाजूने गुंडाळली, सांधा ठिबकायला लागला, सगळं पुन्हा खोललं. आई ओट्याशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुझ्या पदवीपेक्षा ती मोटर घरात जास्त कामाची होती." आता नळाला करंगळीएवढी धार येते. आई तिच्याखाली बादली लावते आणि बादली भरेपर्यंत माझा उद्धार करते.

आता कारण सांगते. रागावा, पण शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात कचऱ्यापासून झाली. गल्लीच्या टोकाच्या घरातल्या नर्सबाई, त्या निवृत्त झाल्यापासून गटाराच्या मागे लागल्या होत्या. त्यांच्यासोबत आम्ही काही जणी घरोघरी ओला कचरा वेगळा गोळा करायला लागलो. शाळेमागच्या रिकाम्या जागेत त्याचं खत करतो. लोक हसले. शिंपीकाकांनी माझं नाव कचरासुंदरी ठेवलं, आणि ते गल्लीभर झालं. मला राग आला नाही असं नाही, पण हाक मारली की ओ देते. हळूहळू गटारात पडणारं कमी झालं. मग आम्ही आत उतरून वर्षानुवर्षांचं प्लास्टिक उपसलं, तेव्हा पहिल्यांदा तळ दिसला. आणि तळाशी आपला पाइप दिसला. सगळी गल्ली ज्याचं पाणी पिते तो नळाचा मुख्य पाइप गटारात आडवा पडलेला, सांधे गंजून फुटलेले.

पाणी जोरात असतं तेव्हा ते सांधे बाहेर गळतात. पण घरोघरच्या मोटरी लाइनला तोंड लावून ओढायला लागल्या की तेच सांधे गटारातलं आत घेतात. हे तुम्हाला मी शिकवायला नको. पाइपचं काम तुमचं.

लॅबच्या मॅडमना विचारून मी गल्लीतल्या घरांचं पाणी तपासलं. आपल्या मोटरचा जोर सगळ्यांत जास्त, तुम्ही तसं अभिमानाने सांगायचात. पाणीही सगळ्यांत घाण आपलंच निघालं. टोकाला नर्सबाईंच्या नळाला नुसते थेंब यायचे, कारण मधले आपण सगळे ओढून घेत होतो. पण ते थेंबसुद्धा आपल्या टाकीपेक्षा बरे होते.

पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आई मागे आजारी पडली, सलाइन लावावं लागलं, तेव्हा आपण बाहेरच्या खाण्याला दोष दिला. ते बाहेरचं नव्हतं, बाबा. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला बादल्या उचलायला लागू नयेत म्हणून तुम्ही ती मोटर बसवलीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच ती दुसऱ्या कुणाला काढू दिली नाही.

काका म्हणतात, बापाने गल्लीभर बसवलेल्या ज्या मोटरींच्या पैशावर शिकलीस त्याच उपटायला निघालीस. बरोबर आहे, त्यांच्यावरच शिकले. या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड बघितलं नाही, हेही विसरलेले नाही. पण शिकून बाटलीतलं पाणी वाचता यायला लागलं, आणि वाचल्यावर गप्प बसायचं असेल तर तुम्ही मला कशाला शिकवलंत?

बाकीच्या मोटरी शोधायला नर्सबाईंनी त्यांचा जुना स्टेथोस्कोप काढला. पाणी यायच्या वेळेला त्या भिंतींना तो लावत फिरायच्या, आणि आम्ही मागे, डॉक्टरांच्या राउंडला निघाल्यासारख्या. पुष्कळ सापडल्या. काही जणांनी लाजेने स्वतःच काढल्या. तुम्ही बसवलेली मात्र एकही ऐकू येईना. खाली रबर घालून, लादीखाली नाहीतर जिन्याखाली पुरून, तुम्ही त्या इतक्या शांत बसवल्यात की नर्सबाई म्हणाल्या, "हा माणूस ऑपरेशन थिएटरात हवा होता." मला त्या क्षणी तुमचा अभिमान वाटला. लाजही वाटली. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

आता परवाची गोष्ट. काकांनी ती अर्धीच सांगितली असणार.

शाळेच्या वर्गात बैठक होती. पाणीखात्याचे साहेब आले होते. पाइप गटारातून उचलून नवा टाकायला खातं तयार झालंय, पण त्याआधी एकूण एक मोटर निघाली पाहिजे, असं ते म्हणाले. जे आपणहून काढतील त्यांच्यावर कारवाई नाही. मग त्यांनी विचारलं, बसवल्या कुणी? त्याचा परवाना रद्द होईल. शिंपीकाका छताकडे बघत म्हणाले की फिटरने बसवली, आम्हाला त्यातलं काय कळतं. लगेच सगळ्यांच्या माना हलल्या. कुणालाच काही कळत नव्हतं, बाबा. मागून कुजबुज सुरू झाली, आणि तिच्यात तुमचं नाव होतं.

कुजबुजीतून ते साहेबांपर्यंत जाऊ द्यायचं नाही म्हणून मी उभी राहिले आणि मोठ्याने घेतलं.

"साहेब, बसवणारे माझे वडील. त्यांनी बसवल्या ही चूक आहे. पण एकाही घरात ते न बोलावता शिरले नाहीत. शिंपीकाकांनी तर आवाज दाबायला चिंध्यांचं गाठोडं दिलं. परवाना काढायचाच असेल तर आधी पिण्याचा पाइप ज्याने गटारात झोपवला त्याचा काढा."

साहेब पेनाचं टोपण लावत बसले. शिंपीकाका म्हणाले, "बाप बसवतो, पोरगी काढते. घरात कामाला तोटा नाही." सगळे हसले. मीही हसले, पण खाली बसले नाही.

मग नर्सबाईंनी साहेबांना सरळ विचारलं की फिटरने स्वतः येऊन सगळ्यांसमोर काढल्या तर? साहेब म्हणाले, नवा पाइप पडायच्या आत सगळ्या निघाल्या तर परवाना राहावा म्हणून मी वर शब्द टाकेन. लिहून देणार नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "येतील का पण तुमचे वडील?"

मी म्हणाले, येतील.

तुम्हाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तुम्ही फोन ठेवला असता.

काका म्हणतात, तुझा बाप मान खाली घालून गल्लीत येणारा माणूस नाही. मान खाली घालायला मी सांगतच नाही. तुम्हाला मागच्या दाराने, हळू आवाजात बोलावून नेत होते तेच लोक. आता पुढच्या दाराने जा, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. लादी कुठली उचलायची ते तुम्ही सांगा, त्यांना उचलू दे. मी तुमच्या बाजूला उभी असेन, आणि कुणी एक शब्द वावगा बोललं तर त्याला उत्तर मी देईन.

नाही आलात, तरी मी थांबणार नाही. मी एकटी दारोदार जाईन, ज्या लाद्या उचलायच्या त्या अंदाजाने उचलीन. लोक विचारतील, बाप कुठाय? खोटं सांगायचं नाही हे तुम्हीच शिकवलंय, तेव्हा खरं ते सांगीन. ते काय असेल, हे तुम्ही ठरवा.

प्रकृतीला जपा.

तुम्हाला न विचारता तुमचा शब्द दिलेली, आणि तो मागे न घेणारी,
तुमची मुलगी