दाजी गच्चीवर, मी दवाखान्यात

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. दुकानातल्या सगळ्यांच्या नजरा चुकवून, चष्म्याची भिंगे घासायच्या खोलीचे दार लावून वाचले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचले. एक्केचाळिसाव्या वर्षी, लेक कॉलेजात जायला निघालेली असताना, तुला दिवस गेले आहेत. अभिनंदन करावे की धीर द्यावा हे तू लिहिले नाहीस, म्हणून मी दोन्ही तयार ठेवले आहे.

फोनवर बोलायचे नाही हे समजले. तुमच्या घरात फोन ज्याच्या हाताला लागेल तो उचलतो. म्हणून हे पत्र बस डेपोच्या पत्त्यावर पाठवत आहे. पाकिटाला डिंक जरा जास्तच लावला आहे.

पुढच्या महिन्यापासून तुला लांब पल्ल्याची गाडी मिळणार होती. त्यासाठी तू इतकी वर्षे गावातल्या गावात फेऱ्या मारल्यास. पोटुशी बाईला ती गाडी देणार नाहीत, आणि एकदा हातची गेली की दुसराच कोणी घेऊन बसेल. अशा वेळी काय काय करता येते, याची माहिती मी काढतो. शाळा आठवीत सुटली तरी चौकशी मला नीट करता येते. दाजी काय म्हणतात? तू दगदग करू नकोस. जड उचलू नकोस. बस चालवायला जड असते का, हेही कळव.

माझ्यावर माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ


९ मार्च

चि. काळजीरामास,
अ. उ. आ.

बस मी चालवते, उचलत नाही.

तुझे दाजी काहीच म्हणत नाहीत, कारण ते खालीच उतरत नाहीत. बातमी कळल्यापासून गच्चीवर पाण्याची टाकी दुरुस्त करताहेत. टाकी गळत नव्हती, आता गळते. लेकीला तोंड कसं दाखवायचं, म्हणतात. मी म्हटलं, पोट माझं दिसणार आहे, तुमचं तोंड कोण बघतंय. त्यावर त्यांनी डोकं टाकीत घातलं.

थट्टा राहू दे. मूल हवं की नको, हे मलाच अजून धड कळत नाही. सकाळी गाडी सुरू केली की वाटतं, नको. संध्याकाळी घरी पायी येताना वाटतं, असू दे. पक्कं एकच आहे. डेपोत कळता कामा नये. तिथे बाकी सगळे पुरुष आणि मी एकटी बाई. निवृत्त होईपर्यंत चेष्टा पुरेल त्यांना. म्हणून तू कुठेही चौकशीला जाऊ नकोस. तुझी चौकशी म्हणजे दवंडी.

जेवत जा, आणि बहिणीची आठवण घाबरल्याशिवायही काढत जा.

तुझी ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र यायच्या आधीच मी जाऊन आलो होतो.

बाजारामागे बायकांचा दवाखाना आहे. बाकावर सगळ्या बायका आणि मी. नर्सबाईंनी कोणासाठी आलात असे विचारले. बहिणीसाठी म्हटले तर तुझे नाव निघेल, या भीतीने मी बायकोसाठी म्हणालो. मग त्यांनी बायकोला मळमळ होते का, झोप लागते का, असे बरेच विचारले. मी सगळे अंदाजाने सांगितले. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मार्ग एकाहून जास्त आहेत, पण ते मी तुमच्या बायकोला सांगेन, तुम्हाला नाही. तिला घेऊन या. मी बरे म्हणालो. कुठून आणू?

काल त्याच नर्सबाई आमच्या दुकानात चष्मा न्यायला आल्या. मला पाहून त्यांनी भर दुकानात विचारले की बायकोची मळमळ थांबली का. माझे लग्न झालेले नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे. शेठनी मला आत बोलावून सांगितले की झाले ते झाले, आता त्या मुलीला वाऱ्यावर सोडू नकोस. शेठाणींनी लोकर आणून विणायला घेतले. गल्ल्यावरची मुलगी, जिच्याबद्दल मी तुला लिहिले होते आणि तू खूप हसली होतीस, ती आता भिंगाचा नंबर चिठ्ठीवर लिहून सरकवते आणि तोंड फिरवते.

मी अवाक्षर काढलेले नाही. तुझे गुपित सुखरूप आहे. माझे काही खरे नाही.

या मूर्खावर राग धरू नये.

तुझा भाऊ


२ एप्रिल

चि. काळजीरामास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी घरी इतकी हसले की दाजी काय झालं म्हणून खाली आले. आलेच आहेत तर हाताला धरून आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी आधी दाजींना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, कोणी जबरदस्ती करतंय का. मग सगळं समजावलं. ठेवायचं तर या वयात कोणत्या तपासण्या, काय जपायचं. नको असेल तर अजून लवकर आहे, त्यांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी होईल. उशीर झाला तर छोटी शस्त्रक्रिया. जन्म देऊन वाढवणं जमणार नसेल तर रीतसर दत्तकही देता येतं. आपल्या मनाने दुकानातून काही आणून गिळायचं नाही, हे मात्र दरडावून सांगितलं. विचार करायला वेळ घ्या, पण फार लांबवू नका, म्हणाल्या. सही फक्त माझी लागणार होती.

बाहेर दाजींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं. चपलेकडे बघत म्हणाले की त्यांना आवडलं असतं, पण ओझं तुला वाहायचंय, जागायचं तुला आहे, तेव्हा तू म्हणशील ते. लग्न झाल्यापासून एवढं लांब वाक्य मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं.

पुरता विचार करून मी नको ठरवलं. गोळ्या घेतल्या. पोटात चांगलंच दुखलं. दाजी गरम पाण्याची पिशवी ती निवायच्या आधीच बदलत होते. थोडी रडले, पण ठरवलेलं चुकलं म्हणून नाही. पुन्हा तपासून आले, सगळं ठीक आहे. लेकीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बापाला गच्चीवर चहा तीच नेऊन देत होती.

नवी गाडी तुमच्या गावावरून जाते. शनिवारी तुमच्या दुकानातून चष्मा करून घेते, आणि तुझं तिथलं प्रकरणही मिटवते.

तोवर हातपाय गाळू नकोस.

तुझी ताई


१० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू येऊ नकोस, असे पत्र मी घाईने टाकले होते. ते बहुधा आज डेपोत पोचेल. फाडून टाक.

शनिवारी तू गणवेशात गल्ल्यासमोर उभी राहून सांगितलेस की याची ती बायको म्हणजे मी, याची बहीण. दिवस गेले होते, मूल नको होते, दवाखान्यात जाऊन मोकळी झाले, आणि आता चष्म्याचे बघा, प्रवासी खोळंबलेत. मी आत होतो. हातातले भिंग वाया गेले.

तुझा कंडक्टर दारात उभा राहून ऐकत होता. म्हणजे डेपोत आता कळलेच. मी गल्ल्यावरच्या मुलीला म्हणालो की ताईला तो दिसला नसेल. ती म्हणाली की तू त्याच्याकडे बघूनच बोलत होतीस. इतक्या दिवसांत ती माझ्याशी बोलली ते हे. नंतर असेही म्हणाली की मला, म्हणजे तुझ्या भावाला, खोटे अजिबात जमत नाही, आणि ते तिला बरे वाटले.

शेठाणींनी मात्र तू गेल्यावर लोकर गुंडाळून ठेवली. संध्याकाळी दुकान आवरताना मला म्हणाल्या की त्यांना पाच मुले, पाचही जिवापाड लाडकी, पण हवे की नको असे त्यांना एकदाही कोणी विचारले नाही, आणि विचारायचे असते हे त्यांनाही सुचले नाही. तुझी गाडी पुन्हा कधी जाणार, असे त्या रोज विचारतात. तुझ्याशेजारी बसून पुढच्या गावापर्यंत जाऊन यायचे म्हणतात. काम काही नाही. चालकाशेजारी कोणाला बसू देतात का, ते कळव.

तुझ्या मायेवरच माझे सगळे चालले आहे.

तुझा भाऊ