एकच नारिंगी गोळी

आई,

आज सकाळी मी भाताची पेज गाळून तीन काचेच्या पेल्यांत ओतली आणि प्रत्येकात टिंक्चर आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकले. पेज निळीकाळी झाली. तुझा जावई चहा मागायला आला आणि म्हणाला, "शाई करतेस की काय?" मी त्याला बाहेर हाकललं. पन्नाशी उलटलेल्या बाईने रविवारी सकाळी शिरगावच्या फ्लॅटमध्ये असले उद्योग का करावेत, हे त्याला सांगायला मला जमलं नसतं. एका पेल्यासाठी आवळ्याचा रस काढलाय, दुसऱ्यासाठी लिंबाचा, आणि तिसऱ्यासाठी ती चघळायची नारिंगी गोळी पाण्यात विरघळवून ठेवलीय. व्हिटॅमिन सी-ची. अंबरनाथच्या कारखान्यात तू सात वर्षं पॅक करायचीस तसलीच.

तू काय काम करतेस ते मला आधी वासावरून कळलं होतं. संध्याकाळी दारात चप्पल काढायचीस आणि खोलीभर संत्र्याचा वास. आपल्या घरात संत्रं यायचं ते कुणी तापाने पडलं तरच. मी तुझ्या पदरात नाक खुपसून विचारायची, "कशी लागते गं गोळी?" आणि तू म्हणायचीस, "मला काय माहीत? मी काय खायला जाते काय तिथं?" कारखाना सुटला की गेटवर बायकांची रांग लागायची आणि झडती घेणारी बाई एकेकीला म्हणायची, "जीभ दाखव." जीभ नारिंगी दिसली की दुसऱ्या दिवसापासून काम बंद. घरी येऊन तू त्या बाईची नक्कल करायचीस, मग तुम्हा सगळ्यांच्या जिभांची, आणि आम्ही पोट धरून हसायचो. आता त्यात हसण्यासारखं काय होतं तेच कळत नाही. बाकीच्या बायका म्हणे सकाळी तुटकी गोळी तोंडात टाकायच्या आणि दिवसभराच्या चहा-पाण्यात रंग घालवायच्या. तू नाही. विहारात दर रविवारी पंचशील म्हणायचीस आणि त्यातलं दुसरं, न दिलेलं घ्यायचं नाही, ते सोमवार ते शनिवार पाळायचीस.

मी नववीत होते. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि विज्ञानाच्या बाईंनी मला हा प्रयोग दिला. आयोडीन घातलेल्या निळ्या पेजेत व्हिटॅमिन सी पडलं की रंग जातो, आणि जितक्या कमी थेंबांत जातो तितकं त्या रसात व्हिटॅमिन जास्त. हे घरी येऊन तुला सांगितलं आणि प्रयोग माझा राहिलाच नाही. स्टोव्हशेजारी वाट्या मांडून तू हाताला येईल ते पिळत बसलीस. पेरू, कोबी, हिरवी मिरची, चिंच. चिंचेने रंग हलेना तेव्हा तू चकित झालीस. "एवढी आंबट, आणि आत काहीच नाही?" मग मिरचीने झटक्यात निळं पांढरं करून दाखवलं. "अगं, मिरची जिंकली की!" उकडलेल्या कोबीचा रस मात्र कच्च्यापेक्षा कमी पडला. तू वाटी हातात धरून बराच वेळ बघत होतीस. "मग गेलं कुठं?"

मी बाईंचं वाक्य फेकलं. काही उष्णतेने मरतं, काही पाण्यात उतरतं.

"म्हणजे पाणी मी मोरीत ओतत होते, आणि चोथा तुमच्या ताटात वाढत होते?"

त्या दिवसापासून आपल्याकडे कोबीचं पाणी आमटीत जायला लागलं. मी अजूनही तसंच करते.

मग मला गोळी हवी झाली. आवळा मोठा की गोळी, हे बघायचं होतं. "एक आण ना गं. हजारो असतात," मी म्हटलं. तू हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे बघितलंस. "हजारो असतात त्या त्यांच्या. परत हे तोंडातून काढायचं नाही." मी रुसले, जेवले नाही. दोन दिवसांनी तू मला उल्हासनगरला घेऊन गेलीस, एका सिंधी काकांच्या मेडिकलमध्ये. काउंटरवर तू दबक्या आवाजात एक गोळी मागितलीस, आणि मला राहवलं नाही, मी सांगून टाकलं की माझी आई हीच गोळी पॅक करते. काका हसून लोटपोट. "अरे बाई, तुम ही बनाते हो और हमसेच खरीदते हो?" पण त्यांनी कात्रीने गोळ्यांच्या पट्टीतून एक गोळी कापून दिली. तू ती रुमालाच्या टोकाला गाठ मारून माझ्या हातात ठेवलीस. "एकच आहे. जपून ने."

मी जपून नेली, आई, शाळेच्या फाटकापर्यंत. तिथं गाठ सोडली, नुसता वास घ्यायला. मग वेष्टन फाडलं, नुसती जीभ लावायला. इतकी वर्षं तुझ्या पदरात जे हुंगत होते ते आधी गोड आणि मग आंबट होऊन तोंडभर पसरलं, आणि मी थांबलेच नाही. संपल्यावर घाम फुटला. समोरच्या टपरीवरून संत्र्याची साधी साखरेची गोळी घेतली, पाण्यात विरघळवली आणि पेल्यावर चिठ्ठी चिकटवली: व्हिटॅमिन सी गोळी.

तू अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलीस, इस्त्रीच्या साडीत. आवळ्याने चार थेंबांत निळं घालवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी नारिंगी पाणी टाकत गेले, ढवळत गेले. निळं ते निळंच. तू पुढे वाकून हळूच विचारलंस, "ही तीच का गं?"

मी म्हटलं, "हो."

मला दुसरा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला जाऊन विचारलंस, "साहेब, या गोळीत खरंच काही असतं का?" तो म्हणाला, तुझं काम मोजायचं, तपासायचं नाही. महिना भरल्यावर तू काम सोडलंस. "लोक आजाऱ्याला देतात ते. खोट्याला माझा हात नको." मग उल्हासनगरला पापड लाटायला जाऊ लागलीस, आणि तुझ्या पदराला मिरीचा वास यायला लागला. मी दर संध्याकाळी ठरवायची की आज सांगू. तू पाठ धरून बसलेली असायचीस आणि मला भीती वाटायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तुझं ऑपरेशन झालं. जखम भरेना, हिरड्यांतून रक्त यायचं, जेवण जाईना. डॉक्टरांनी बाकी औषधांबरोबर याच गोळ्या लिहून दिल्या. त्या मला नंतर तुझ्या उशीखाली सापडल्या, सगळी पट्टी जशीच्या तशी. "त्यात काही नसतं गं. डोळ्यांनी पाहिलंय मी. तूच तर दाखवलंस." मी लिंबाच्या पाण्यात गोळी कुटून घालत राहिले आणि तू ते लिंबू म्हणून प्यायलीस. दुखणं मोठं होतं, गोळीने तू वाचली नसतीस, असं डॉक्टर म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

आत्ता तिसऱ्या पेल्यात गोळीचं पाणी टाकलं. काही थेंबांतच निळं गेलं, आई. आवळ्याला लागले तेवढ्याच. खाली फक्त फिकट नारिंगी उरलंय. तू सात वर्षं खरीच गोळी पॅक केलीस. तू असतीस तर हा पेला उजेडात धरला असतास, "अगं, जिंकली की," म्हणाली असतीस, आणि मग माझ्याकडे वळली असतीस.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवतेय. पट्टीतली दुसरी गोळी मी खाल्ली. चव तीच आहे. आरशात जीभ पाहिली, चांगली नारिंगी झालीय. एवढं एकच राहिलं सांगायचं. त्या दिवशी तू प्रदर्शनाला पोचायच्या आधी मी शाळेच्या नळावर जीभ घासून धुतली होती. तीनदा.